केळीवर ढकललेलं पोटॅशियम

रुग्ण जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला, चाळिशीच्या आतबाहेरचा. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र बदललेली नाही.

काम केळीचे घड वाहायचं. बागेत घड कापला की खांद्यावर घ्यायचा, बांधाला लागलेल्या गाडीपर्यंत न्यायचा, परत फिरायचं. वीस-पंचवीस किलोचा घड, दिवसभर, खांदेपालट करत. अशा माणसानं "घड उचलवत नाही" म्हणणं ही साधी तक्रार नव्हे. मी ती साधी समजलो.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. आमच्याकडे पारा ४४-४५ वर गेला की ओपीडीत निदान एकच चालतं: ऊन लागलं. दर तिसरा माणूस गळालेला, डोकं जड, अन्नावर वासना नाही. खिशात कांदा ठेवून आलेली माणसं. हाही कांदा घेऊनच आला होता. तीन-चार महिन्यांपासून अशक्तपणा, मळमळ, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. वजन ६१ वरून ५२ किलो. बीपी ९४/६०. रंग चांगलाच रापलेला, पण केळीत राबणारा माणूस रापणारच.

रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम १२६, म्हणजे कमी. पोटॅशियम ५.७, म्हणजे जास्त. पांढऱ्या पेशींतल्या इओसिनोफिल ९ टक्के. मी तिन्ही गोष्टींची तीन वेगवेगळी उत्तरं काढली. सोडियम घामातून गेलं. इओसिनोफिल जंतांमुळे. पोटॅशियमचं कोडं त्याच्या बायकोनंच सोडवून दिलं: "जेवण जातच नाही साहेब, दिवसभर केळी खातात. बागेत पडलेलीच असतात." मी मान डोलावली. केळीत पोटॅशियम असतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दोन सलाईन लावले, जंताची गोळी दिली, ओआरएस सांगितलं, केळी बंद केली. संध्याकाळी तो आला होता त्यापेक्षा ताठ चालत गेला, आणि मी स्वतःवर खूश झालो.

अकरा दिवसांनी रात्री साडेदहाला त्याला कालीपिलीच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं.

भावकीतल्या लग्नात वरण-बट्टी जेवला, दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. पंगतीतल्या आणखी पाच-सहा जणांना तोच त्रास झाला होता. ते एका दिवसात उठून कामाला लागले. हा मात्र शुद्ध हरपण्याच्या बेतात. बीपी ७० च्या खाली, हातपाय गार, साखर ५४, सोडियम ११६, पोटॅशियम ६.६. ईसीजीत टी लहरी तंबूसारख्या उंच झालेल्या. केळी अकरा दिवस बंद होती. बायकोनं शपथेवर सांगितलं.

सिस्टर शीर शोधत होत्या, मी पायथ्याशी उभा राहून आकड्यांशी झगडत होतो. त्याची आई कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. ती कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "याचे दात एवढे पांढरे कधी नव्हते हो."

मी टॉर्च घेतला आणि तोंड उघडून पाहिलं. दात होते तसेच होते. हिरड्या काळ्या पडल्या होत्या. गालाच्या आतल्या बाजूला शाई शिंपडल्यासारखे निळसर काळे ठिपके, जिभेच्या कडेला एक पट्टा. तोंडात ऊन शिरत नाही. मग तळहात उलटा केला. तळहात फिकट, पण त्यावरच्या रेषा पेन्सिलीनं गिरवल्यासारख्या काळ्या. उजव्या हातावर कोयत्याचा एक व्रण होता, चार महिन्यांपूर्वीचा, तो काळाकुट्ट. नडगीवर दुसरा, लहानपणी बैलगाडीवरून पडल्याचा, तो पांढराच. आजार सुरू झाल्यानंतरचे व्रण रंगतात, आधीचे तसेच राहतात. एकाच अंगावर तारीख टाकल्यासारखे हे दोन व्रण माझ्या टेबलासमोर अकरा दिवसांपूर्वीही आले होते.

निदान तिथेच झालं: ॲडिसनचा आजार, आणि त्याचा जीवघेणा झटका, ॲड्रीनल क्रायसिस. लंडनच्या गाईज रुग्णालयातल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ११ रुग्णांचं वर्णन छापलं, त्यात हेच आहे: गळून जाणं, हृदयाचे क्षीण ठोके, पोटाच्या तक्रारी आणि त्वचेचा विलक्षण काळसर रंग. अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे ॲड्रीनल, नेमकं काय करतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मृतदेह उघडून त्या ग्रंथी सडलेल्या पाहून त्यांनी दुवा जोडला. एवढी साधनं हाताशी असून मला तो जोडायला एका म्हातारीची मदत लागली.

रात्री काय केलं

सलाईन सुरू करतानाच कॉर्टिसॉल (ॲड्रीनलचं संप्रेरक) आणि एसीटीएच (ॲड्रीनलला चेतवणारं संप्रेरक) यांच्यासाठी रक्त काढून ठेवलं. एसीटीएचचा नमुना बर्फात ठेवावा लागतो आणि लवकर वेगळा करावा लागतो. त्या रात्री बर्फ रुग्णालयासमोरच्या रसवंतीतून आणला. रिपोर्टची वाट पाहायची नसते. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, १०० मिलिग्रॅम शिरेतून, पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन, साखरेसाठी डेक्स्ट्रोज, हृदयाच्या रक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट. पोटॅशियम उतरवायला एरवी इन्सुलिन-ग्लुकोज देतात, पण साखर ५४ असलेल्या आणि कॉर्टिसॉल नसलेल्या माणसात इन्सुलिनला हात लावायची माझी छाती झाली नाही. गरजही पडली नाही. पुढच्या २४ तासांत हायड्रोकॉर्टिसोन एकूण २०० मिलिग्रॅम.

पहाटे चारला तो उठून बसला आणि पाणी मागितलं. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना खोटं वाटेल, पण या एका आजारात औषधाचा गुण असा डोळ्यांदेखत येतो.

एका गोष्टीची धास्ती मात्र सकाळपर्यंत होती. कॉर्टिसॉल मिळालं की मूत्रपिंड अडवून ठेवलेलं पाणी भसाभस सोडतात, आणि सोडियम आपल्या अंदाजापेक्षा वेगानं चढतं. ते दिवसाला आठ-दहाच्या वर चढलं तर मेंदूच्या गाभ्याला इजा होऊ शकते, कायमची. म्हणून दर चार तासांनी तपासणी. दुसऱ्या रात्री सोडियम १२४ वर थांबलं, तेव्हा मी जेवलो.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आले. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम. इतक्या आजारी माणसात ते १८ च्या वर हवं. एसीटीएच यंत्राच्या मोजमापाच्या मर्यादेच्याही वर.

केळीची बाजू

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी. एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे हरभऱ्याच्या मूठभर दाण्यांहूनही कमी. बाहेरच्या सालीचे तीन थर. सगळ्यात वरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, मधला कॉर्टिसॉल, आतला पुरुषी संप्रेरकं. आतला गाभा ॲड्रीनलिनचा.

अल्डोस्टेरॉनचं मूत्रपिंडाला सांगणं एकच: मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. एका मध्यम केळात पोटॅशियम साधारण ४०० मिलिग्रॅम. सहा केळी खाल्ली तरी झाले अडीच ग्रॅमच्या आत, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन ग्रॅम घ्या म्हणते. धड मूत्रपिंड आणि धड ॲड्रीनल असलेल्या माणसाचं रक्तातलं पोटॅशियम केळी खाऊन वाढत नाही. तसं असतं तर रावेर-यावलचा निम्मा तालुका ईसीजीच्या पट्टीवर दिसला असता. पोटॅशियम बाहेर टाकण्याचा हुकूमच थांबला की ते साचतं.

आणि उन्हाचं म्हणाल तर उलट असतं. घामानं मीठ गेलं की धडधाकट माणसाचं अल्डोस्टेरॉन वाढतं, कारण शरीराला उरलेलं मीठ राखायचं असतं. त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीतून जातं. म्हणजे उन्हानं सोडियम कमी झालेल्या माणसाचं पोटॅशियम बेताचं किंवा कमी असायला हवं. सोडियम खाली आणि पोटॅशियम वर, ही जोडी उन्हाची नव्हे. मी दोन आकडे दोन खिशांत घातले, एकत्र वाचलेच नाहीत. या प्रकरणातून मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी तपशील त्याच्याभोवतीचा.

रंगाचं कारण आणखी वरचं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतलं. रक्तात कॉर्टिसॉल कमी दिसलं की ती एसीटीएच सोडून ॲड्रीनलला हाकारते. समोरून ओ आली नाही की आवाज वाढवत जाते. हे एसीटीएच ज्या मोठ्या प्रथिनातून कापून निघतं, त्यातूनच रंगपेशींना चेतवणारं संप्रेरकही निघतं, आणि खुद्द एसीटीएचही त्या पेशींना डिवचतं. हिरड्या काळ्या पडतात त्या या आरडाओरड्यानं.

पुन्हा विचारलेली हकिगत

बरा झाल्यावर त्याला आणि घरच्यांना मी पहिल्यापासून विचारलं. हे काम पहिल्या दिवशीचं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली होती, वर्षानं. अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "भाऊ, इतका काळा कसा पडला?" घरातल्यांनी तिला वेड्यात काढलं. रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. सुरतेला राहणारा मेव्हणाही हसला होता.

मग लोणचं. त्याच्या आईनं सांगितलं, मार्चपासून लोणच्याच्या बरणीत फोडी कोरड्या पडत होत्या. हा रात्री उठून खार वाटीत घेऊन प्यायचा. बिबड्या भाजायच्या आधीच कच्च्या चघळायचा. भाकरीवर मीठ भुरभुरून घ्यायचा, वर ठेचा. मी त्याला विचारलं तेव्हा लाजत म्हणाला, "माले खारटच गोड लागस, साहेब." शरीर मूत्रपिंडाच्या गळक्या घागरीत वरून मीठ ओतत होतं. मी त्याला गोडाधोडाचं, तिखटाचं विचारलं असेन, मिठाचं नाही.

आणि सुया. चार महिन्यांत तो तीन ठिकाणी जाऊन आला होता. दर वेळी एक सलाईन आणि एक सुई. दर वेळी तीन-चार दिवस बरं, मग पहिल्यासारखं. सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, तेव्हा बरं वाटणारच. १९३० च्या दशकात, कॉर्टिसॉल हाताशी यायच्या आधी, या रुग्णांना मिठावरच तगवत असत. सुईत काय होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण तीन-चार दिवसांत ओसरणारी ती टवटवी डेक्सामेथासोनची असावी असा माझा कयास आहे. प्रत्येक सुईनं निदान थोडं मागे ढकललं आणि त्याला थोडा जिवंतही ठेवला. दोन्ही एकदम खरं आहे. माझ्या दोन सलाईनचीही गत तीच.

सुईचा विषय निघाला म्हणून. गुडघेदुखीच्या पुड्यांत मिसळलेलं स्टेरॉईड महिनोन्‌महिने खाणारी माणसंही आमच्याकडे अशीच गळालेली येतात. पुडी थांबली की त्यांची ग्रंथी जागी होत नाही. पण तिथे पीयूषिकाच झोपलेली असते, एसीटीएच नसतं, म्हणून रंग काळवंडत नाही. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या स्वतःच्या इशाऱ्यावर चालतं, म्हणून पोटॅशियमही ठीक असतं. चेहरा मात्र पुरीसारखा फुगलेला असतो. याचा चेहरा ओढलेला होता.

कारण

पाश्चात्त्य देशांत हा आजार आता बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं होतो. आपल्याकडे आधी क्षय शोधायचा. ॲडिसन यांच्या ११ जणांतही बरेच क्षयाचेच होते. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ॲड्रीनल सुजलेल्या, मधोमध गळालेल्या दिसल्या. ग्रंथींचे दहातले नऊ हिस्से संपेपर्यंत माणूस ओढून नेतो, म्हणजे हे काम बरेच महिने चाललं असणार. बुरशीचा एक संसर्गही हुबेहूब असंच चित्र देतो, त्यामुळे सुईनं तुकडा काढणं भाग होतं. ते मोठ्या केंद्रात करून घेतलं. सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी, पॉझिटिव्ह आली. एचआयव्ही निगेटिव्ह. चार वर्षांपूर्वी थोरल्या भावाला फुप्फुसाचा क्षय झाला होता, आणि दोघं एकाच खोलीत झोपत. हे सांगायचं राहून गेलं होतं, कारण मी विचारलं नव्हतं.

गोळ्यांचा गुंता

हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १० मिलिग्रॅम, दुपारी ५ मिलिग्रॅम, संध्याकाळी ५ मिलिग्रॅम. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटेनंतर सर्वाधिक असतं, म्हणून सकाळचा डोस मोठा. अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन, १०० मायक्रोग्रॅमची एक गोळी.

क्षयाच्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं, आणि ते यकृताला कॉर्टिसॉल झपाट्यानं मोडायला लावतं. म्हणून हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट करायचं असतं. ज्याच्या ॲड्रीनल अर्ध्यामुर्ध्या चालताहेत आणि निदान झालेलं नाही, अशा माणसाला क्षयाच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रायसिस येऊ शकतो तो यामुळेच. मी कागदावर "दुप्पट" लिहिलं, खाली रेघ मारली. पण तो घरी गेला तेव्हा मेव्हणा सुरतेहून आलेला होता. त्यानं डबी वाचली आणि म्हणाला, स्टेरॉईड आहे, हाडं पोकळ करतं, एवढं कशाला? दुप्पट राहिलं बाजूला, २० वरच चाललं. क्षयाच्या गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात तो भिंतीला धरत ओपीडीत आला. उभ्यानं बीपी ७८. मीठ पुन्हा गोड लागायला लागलं होतं.

मेव्हण्याला बोलावलं. रागवावंसं वाटत होतं, पण तो माणूस वाचून आला होता आणि जे वाचलं ते इतरांच्या बाबतीत खरंच होतं. मी त्याला विचारलं, "विहीर आटली तर टँकर बोलवता ना? टँकरनं विहीर बिघडते म्हणून तो परत पाठवता का?" तो म्हणाला, "टँकर किती दिवस?" मी म्हटलं, "जन्मभर." तो बराच वेळ गप्प बसला. मग डोस ४० झाला, आणि तिथून गोळ्या वेळेवर देण्याचं काम सुरतेहून फोन करून तोच करायचा. आठवण बायको द्यायची, हिशेब मेव्हणा ठेवायचा.

क्षयाच्या गोळ्या सहा महिन्यांनी संपल्या. रिफॅम्पिसिनचा असर ओसरायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेवढं थांबून डोस परत २० वर आणला. क्षय बरा झाला तरी ग्रंथी सहसा परत उभ्या राहत नाहीत. याच्याही राहिल्या नाहीत.

घर

हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या तालुक्याला मिळत नाहीत, जळगावहून आणाव्या लागतात. त्यामुळे पंधरा दिवसांचा साठा उरला की नवा आणायचा असं ठरलं. ताप आला तर डोस दुप्पट, अंग फारच तापलं तर तिप्पट. उलटी होऊन गोळी टिकत नसेल तर थांबायचं नाही, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत घ्यायचं आणि रुग्णालय गाठायचं. खिशात एक कार्ड, मोठ्या मराठी अक्षरांत: मला ॲडिसनचा आजार आहे, मी बेशुद्ध असलो तर आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या. बायकोनं संत्र्यावर इंजेक्शन द्यायचा सराव केला. पहिल्या दोन संत्र्यांना तिनं सुई आरपार घातली, तिसरं नीट जमलं.

या वर्षी आखाजीला तो आला तेव्हा वजन ६० होतं, पोटॅशियम ४.५, हातावरचा कोयत्याचा व्रण तपकिरी झालेला. घड उचलतो, पण अकरा ते चार बागेत जात नाही. केळी खातो. मी विचारलं, इंजेक्शनची कुपी कुठे ठेवता? मे तोंडावर होता आणि फ्रीज नव्हता. त्याचं घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं. आईनं मधल्या घरातली देवळी त्यासाठी रिकामी केली होती. देव एका बाजूला सरकवले, शेजारी कुपी, सिरिंज आणि कार्डाची दुसरी प्रत ठेवली, आणि समोर ओलं फडकं टांगलं.

ते फडकं दुपारी दोनदा भिजवावं लागतं, असं ती म्हणाली.